खड्ड्यातले सहाशे कप

आमच्या विहारातल्या स्टीलच्या वाट्यांवर माणसांची नावं आहेत. कोपर स्टेशनजवळच्या आमच्या गल्लीत कुणी गेलं की घरचे लोक पुण्यानुमोदनाच्या विधीला विहारासाठी वाट्या देतात. पाच, अकरा, ज्याला जमतील तितक्या. भांड्यांच्या दुकानात मशीनने काठाखाली नाव आणि तारीख कोरून घेतात. माझ्या वडिलांच्या नावाच्या अकरा आहेत. बुद्धपौर्णिमेला खीरदान असतं, तेव्हा या वाट्या माळ्यावरून खाली येतात आणि खीर खाताखाता बायका नावं वाचतात. "मला आज तुझा नवरा आला बघ," असं एकीने म्हणायचं आणि दुसरीने, "मग भरव त्याला, घरी कधी माझ्या हातचं गोड लागलं नाही," असं उत्तर द्यायचं. ही आमची दरवर्षीची गंमत.

वाट्या तीनशेच्या थोड्या वर आणि खायला येणारी माणसं सहाशे. म्हणजे प्रत्येक वाटी त्या दिवशी साधारण दोनदा धुतली जायची. ते काम आईकडे. आईने बावीस वर्षं डोंबिवली पूर्वेच्या तीन घरांत भांडी घासली. मला नोकरी लागली तेव्हा तिन्ही घरं सोडली, पण विहाराच्या वाट्या सोडल्या नाहीत. पौर्णिमेच्या दिवशी मागच्या नळाशी पाटावर बसायची ती दुपार उलटून जाईपर्यंत. दुसऱ्या दिवशी तिच्या बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून सोलायच्या. मी खोबरेल लावून द्यायचे, आणि दर वर्षी मनाशी म्हणायचे की हे थांबवायचं.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. दहावीपर्यंत मुरबाडच्या बाजूला मामाकडे राहून शिकले, नंतर कल्याणच्या कॉलेजात केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले. आता मानपाड्याजवळ रंगाच्या एका कारखान्यात लॅबमध्ये आहे. गल्लीत याला फार मान होता. गोळ्यांचं पाकीट, शाळेचा फॉर्म, बँकेचं पत्र, काही आलं की बायका माझ्याकडे घेऊन यायच्या. मी वाचून सांगितलं की पुन्हा दुसऱ्या कुणाला विचारायच्या नाहीत.

विहारामागचा खतखड्डाही मीच सुरू केलेला. मागे सगळीकडे पेव्हर ब्लॉक घातलेत. भिंतीलगत एक मातीची पट्टी तेवढी उरली आहे. त्यात चार फूट लांब, तीन फूट रुंद खड्डा करून मी वंदनेची फुलं, केळीची सालं आणि सुका पाला थर देऊन घालायला लागले. मला मदत करायला एक म्हातारे बाबा यायचे. महापालिकेत सफाई कामगार होते, उमेदीची निम्मी वर्षं डंपिंगवर गेलेली. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातातला हार काढून घेतला आणि त्यातला दोरा ओढून बाजूला टाकला. "नायलॉन आहे पोरी. हा मरत नाही." मी मान डोलावली. चार-पाच महिन्यांनी खड्ड्यातून काळं, भुसभुशीत, ओल्या मातीच्या वासाचं खत निघालं तेव्हा बाबांनी ते मुठीत दाबून बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "शिकलेल्या हाताचं आहे."

बाबांचं लक्ष त्या खतावर का होतं ते सगळ्यांना माहीत होतं. काही वर्षांपूर्वी विहाराच्या पाइपामागे भिंतीच्या फटीत पिंपळ उगवला होता. प्लंबर त्यावर ॲसिड ओतायला निघाला, तेव्हा बाबांनी तो मुळासकट सोडवून तेलाच्या डब्यात लावला. डब्यातच तो त्यांच्या खांद्याइतका वाढला. डब्याचा तळ गंजून मुळं बाहेर आली होती. बाबांना तो विहाराच्या अंगणात, जमिनीत लावायचा होता, आणि स्वतःच्या हाताने. त्यासाठी जागा एकच होती, माझ्या खड्ड्याची. ठरलं असं की पुढच्या वर्षीच्या पौर्णिमेपर्यंत खड्डा भरून खत करायचं आणि त्यातच पिंपळ लावायचा. "तोवर मी टिकतो," बाबा म्हणाले. "तू खड्डा टिकव."

हे ठरल्यावर काही आठवड्यांनी मला सर भेटले.

सरांबद्दल नीट सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. कल्याणच्या कॉलेजात पहिल्या वर्षी मी वर्गात गप्प बसायचे, कारण इंग्रजीतलं काही कळायचं नाही. सरांनी ते ओळखलं. मधल्या सुट्टीत मला लॅबमध्ये बसवून घ्यायचे. एका हिरव्या दोनशेपानी वहीत त्यांनी स्वतःच्या अक्षरात एकेक शब्द लिहून त्यापुढे मराठीत अर्थ लिहिला, तीन वर्षं, थोडा थोडा. "बाटलीवरचं लेबल वाचल्याशिवाय बूच काढायचं नाही," हे त्यांचं वाक्य मी आजही कारखान्यात नव्या मुलींना ऐकवते. माझ्या पदवीच्या दिवशी आई त्यांच्या पाया पडायला वाकल्यावर त्यांनीच तिचे हात धरले आणि म्हणाले, "ताई, पोरगी तुमची आहे, मी फक्त वही दिली." आईने ते वाक्य कितीतरी जणांना सांगितलं असेल.

निवृत्त झाल्यावर सरांनी नातेवाइकाबरोबर कागदी कप आणि पिशव्यांचा कारखाना काढला होता. मानपाड्याच्या रस्त्यावर चहाच्या टपरीपाशी अचानक दिसले, आणि ओढूनच आत घेऊन गेले. टेबलावर पांढऱ्या कपांची रास. प्रत्येकावर हिरवं पान आणि त्याखाली 'शंभर टक्के बायोडिग्रेडेबल'.

"मातीतून आलं, मातीत गेलं," सर म्हणाले. "तुमच्याकडे कार्यक्रम होतात ना गं? घेऊन जा. कप तर आमच्याकडून भेटच समज."

मी कप हातात फिरवला. डोळ्यांसमोर नळाशी बसलेली आई होती. एकच विचारलं, "सर, आमच्या विहारात खतखड्डा आहे. त्यात चालेल?"

"अगं, बायोडिग्रेडेबल आहे," सर हसले. "तुला मी काय शिकवलं?"

मला ते होकारासारखं ऐकू आलं.

विहारात बैठक झाली. मी कप दाखवला, हिरवं पान दाखवलं, लेबल मराठीत वाचून दाखवलं. मग म्हणाले, धुवायचं काही नाही, वापरायचे आणि खड्ड्यात टाकायचे, वर्षभरात माती होईल, त्याच मातीत बाबांचा पिंपळ. मी हे बोलले तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या. एकीनेच तोंड वाकडं केलं. "म्हणजे माझा नवरा यंदा माळ्यावरच?" सगळ्या हसल्या.

बाबांनी कप मागून घेतला. आत बोट घालून नखाने खरवडलं, उन्हात धरलं.

"आतून चकाकतंय."

"लेप आहे बाबा. तोही कुजणारा आहे. लिहिलंय."

"लिहिलेलं मला वाचता येत नाही. तीस वर्षं कचरा उचलला, चकाकणारं कुजताना नाही बघितलं."

"हे नवीन निघालंय. माझ्या सरांनी बनवलंय."

त्यांनी कप परत माझ्या हातात दिला. "मग झालं. तू शिकलेली. तू म्हणतेस तर." त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

त्या पौर्णिमेला वाट्या माळ्यावर गोणीतच राहिल्या. आई पहिल्यांदा सगळ्यांबरोबर पुढे बसली, नवी निळी साडी, हात कोरडे, आणि खिरीचा कप दोन्ही हातांत धरून हसली. सर आले होते. त्यांनीच तिचा फोटो काढला. नंतर आम्ही सहाशे कप विसळून, चेचून, पाल्याचे आणि शेणकाल्याचे थर देत खड्ड्यात भरले आणि वर माती ओढली. आईने त्या संध्याकाळी खोबरेलाची बाटली मला दाखवून परत कपाटात ठेवली.

तीन-चार महिन्यांनी सरांचा फोन आला. विहाराच्या लेटरहेडवर दोन ओळी हव्या होत्या, की आमचे कप तुमच्या खड्ड्यात चांगले जिरले. मी मागे जाऊन बघितलं. खड्डा वीतभर खाली बसला होता. पाला कुजला की खड्डा बसतोच, हे मला माहीत होतं. तरी मी तेवढ्यावर पत्र लिहिलं. खाली सही, आणि सहीखाली बी.एस्सी. उकरून बघायला दहा मिनिटं लागली असती. सरांच्या शब्दावर फावडं चालवणं मला उद्धटपणाचं वाटलं.

यंदा पौर्णिमेला पंधरा दिवस राहिले तेव्हा बाबा फावडं घेऊन आले. त्यांनी धुतलेला सदरा घातला होता. आई आणि गल्लीतल्या चार-पाच बायकाही आल्या होत्या, कारण खत बघणं हाही आमच्याकडे एक समारंभच झालेला.

वरची वीतभर माती सुंदर होती. त्याखाली फावडं अडकलं. बाबांनी ते सोडवून हात घातला आणि एक काहीतरी बाहेर काढलं. कपच होता, पण कागद नसलेला. कागद कुजून लगदा झाला होता आणि आतला लेप तसाच्या तसा, कपाच्या आकाराचा, पातळ, धुरकट. त्यांनी दुसरा काढला, तिसरा काढला. काही ओढताना फाटले आणि त्यांचे नखाएवढे, मग तिळाएवढे तुकडे मातीत पडले. ते वेचायला मी वाकले तर माझ्या बोटांतच आणखी तुकडे झाले.

मग माळ्यावरच्या नवऱ्याचं विचारणारी हळूच म्हणाली, "अगं, वर्ष झालं ना?"

"झालं," मी म्हणाले.

बाबा खड्ड्याच्या काठावर बसले. सदऱ्याला चिखल लागला होता. तेलाच्या डब्यातल्या पिंपळाकडे त्यांनी एकदा बघितलं आणि म्हणाले, "हे मुळाला लागलं तर मूळ पाणी धरणार नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी सुट्टी टाकून मी सरांकडे गेले. वर्तमानपत्रात दोन कप गुंडाळून नेले होते. सरांच्या केबिनमध्ये नवा फ्लेक्स लागला होता. त्यावर माझी आई, निळी साडी, हातात कप, हसरी. खाली माझ्या पत्रातली ओळ, माझी सही, बी.एस्सी.

मी पुडी उघडून टेबलावर ठेवली. सरांनी चष्मा लावून बघितलं. त्यांना आश्चर्य वाटलं नाही. त्यांना धक्का बसेल असं मी वाटभर धरून चालले होते, आणि त्यावरच माझी सगळी भिस्त होती.

"खड्ड्यात ओल कमी पडली असेल," ते म्हणाले.

"ओल होती सर. कागद पूर्ण गेलाय. लेप राहिलाय."

"जाईल. वेळ लागतो."

"किती?"

ते खुर्चीत मागे रेलले. "हे बघ, कपावर काय छापलंय? बायोडिग्रेडेबल. म्हणजे सूक्ष्मजीव ते तोडतात. कधीतरी, कुठेतरी. त्याला मुदत नसते. कंपोस्टेबल म्हणजे वेगळं. ठरलेल्या दिवसांत, ठरलेल्या उष्णतेत खत झालं पाहिजे, आणि मागे अपायकारक काही उरता कामा नये. त्याची चाचणी असते, सर्टिफिकेट असतं. जे कंपोस्टेबल ते बायोडिग्रेडेबल असतंच, पण उलट नाही. आपण कंपोस्टेबल कुठे छापलंय? दाखव मला."

ते शिकवत होते. तोच आवाज, तीच लय, वाक्य संपलं की खडू ठेवल्यासारखं थांबणं. मला क्षणभर सवयीने वही काढावीशी वाटली.

"मी तुम्हाला विचारलं होतं सर. खतखड्ड्यात चालेल का."

"मी हो म्हटलं?"

मी आठवून बघितलं. त्यांनी हो म्हटलं नव्हतं.

"आणि जिरलं असं पत्र तू दिलंस," ते म्हणाले, आवाज न चढवता. "मी काही सांगितलं नाही उकरू नको म्हणून. केमिस्ट्रीची ना गं तू?"

मी फ्लेक्सकडे बोट केलं. "तो काढा सर. पत्र मागे घेते मी."

"अगं, किती छान दिसतात आई." मग ड्रॉवरमधून एक नवा कप काढून माझ्यापुढे ठेवला. "हे बघ, आता कंपोस्टेबलची लाइन येतेय. हा घेऊन जा. खरोखरचा."

मी यावेळी कप पालटून तळाची बारीक अक्षरं वाचली. मोठ्या औद्योगिक खत प्रकल्पातच कुजतो, असं लिहिलं होतं.

"हाही आमच्या खड्ड्यात होणार नाही."

"नाही. त्याला साठेक डिग्री उष्णता सलग लागते. तेवढी तुमच्या खड्ड्यात नाही येत."

"मग मी हा नेऊन टाकू कुठे?"

त्यांनी चहा मागवला. मी चहा न घेता निघाले, आणि जिन्यात लक्षात आलं की आयुष्यात पहिल्यांदा सरांना 'येते' न म्हणता निघाले आहे.

घरी येऊन मी हिरवी वही काढली. काय शोधत होते ते मला ठाऊक होतं, आणि सापडू नये असंही वाटत होतं. दुसऱ्या वर्षाच्या पानांत सापडलं. सरांचं तिरकं, निळं अक्षर. बायोडिग्रेडेबल, त्यापुढे: सूक्ष्मजीवांमुळे विघटन होणारे. आणि खाली, लाल पेनाने, दोनदा अधोरेखित: किती काळात? कोणत्या परिस्थितीत? हे न सांगितल्यास शब्दाला अर्थ नाही. नेहमी विचारावे.

मी वही उघडी ठेवून बसले. आई येऊन शेजारी बसली. तिला वाचता येत नाही, पण सरांचं अक्षर ती ओळखते.

"काय लिहिलंय?"

मी वाचून दाखवलं. तिने लाल ओळीवरून बोट फिरवलं.

"म्हणजे त्यांना तेव्हापासून ठाऊक होतं," ती म्हणाली. "आणि तुलापण."

मी पत्र मागे घेतल्याचं दुसरं पत्र लिहिलं आणि पोचपावतीने पाठवलं. पोचपावती आली, उत्तर आलं नाही. कल्याणला केटरिंगच्या सामानाच्या एका दुकानात परवाही आईचा फोटो होता. मी दुकानदाराला सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, फोटो कंपनीने दिलाय, कंपनीला बोला."

खड्ड्यातली सगळी माती काढून फेकून द्यावी, नवी आणावी, असं मी बाबांना सुचवलं. त्यांनी विचारलं, "फेकणार कुठे?"

"घंटागाडीत देऊ."

"घंटागाडी कुठे जाते मला ठाऊक आहे. जन्मभर लोकांचं तिथे उचललं. आपलं तिथे पाठवायचं नाही."

चाळणीने चाळून बघितलं. बारीक तुकडे मातीबरोबर खाली यायचे. मग मला सुचलं ते लॅबमधलंच होतं. प्लास्टिक हलकं, पाण्यावर तरंगेल. ड्रममध्ये पाणी भरून माती थोडी थोडी ढवळायची, वर आलेली साय चहाच्या गाळणीने काढायची, माती पसरून वाळवायची. पाल्याचे कण आणि काड्याही तरंगतात, त्यातून तुकडे वेगळे हाताने करायचे. आई माझ्यासमोर बसली. बाबा स्टुलावर बसून गाळणी उन्हात धरायचे, आणि चकाकलं की परत द्यायचे.

"हे डोकं आधी चाललं असतं तर?" ते एकदा म्हणाले.

"चाललं नाही बाबा."

"कुणावर चाललं नाही, ते मला कळतंय," ते म्हणाले, आणि तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

पौर्णिमेपर्यंत चौथा हिस्साही माती धुऊन झाली नाही. जेवढी साफ झाली तेवढी आम्ही अर्ध्या कापलेल्या निळ्या पिंपात भरली आणि गंजलेला डबा कापून पिंपळ त्यात हलवला. जमिनीत नाही. बाबांनी मुळं दोन्ही हातांनी उचलून ठेवली, पाणी घातलं आणि जमलेल्या लोकांना सांगितलं, "तात्पुरता आहे." खड्डा उघडाच होता, त्यावर फळी टाकली होती. लोक खिरीच्या रांगेत त्या फळीला वळसा घालून जात होते.

वाट्या गोणीतून निघाल्या. मी आणि आई मागच्या नळाशी बसलो. माझ्याकडे फॉर्म आणि गोळ्या घेऊन येणाऱ्या बायका वाट्या ठेवून जात होत्या. कुणी वाईट बोललं नाही. पण त्याला आता दोन महिने झाले, कुणी काही वाचायलाही आणलेलं नाही. शेजारणीच्या नव्या सुनेला सुद्धा मोबाइलवर वाचता येतं, तिच्याकडे जातात. माझ्या हातात वडिलांच्या नावाची वाटी आली तेव्हा आईने ती घेतली आणि स्वतः घासली.

आम्ही अजून दर रविवारी बसतो. सगळी माती साफ झाली की बाबा पिंपळ जमिनीत लावणार आहेत. मधे त्यांना दम लागायला लागलाय. विहारापर्यंत येताना वाटेत दोनदा थांबतात. गेल्या रविवारी त्यांनी गाळणी उन्हात धरली, बराच वेळ फिरवून बघितली आणि विचारलं, "अजून किती दिवस?"

गेल्या वर्षी याच विहारात उभी राहून मी एक वर्ष म्हटलं होतं, आणि त्यांनी ते मानलं होतं.

"सांगता येत नाही बाबा."

त्यांनी मान हलवली आणि गाळणी माझ्याकडे परत दिली. तिच्यात चार तुकडे होते. मी ते चिमटीने काढून बरणीत टाकले आणि पुढचं घमेलं ड्रममध्ये ओतलं.